आठानंतर पुन्हा एक

दिवाळीच्या खरेदीचे दिवस आले की सोलापूरच्या नवी पेठेतील कापड दुकानांत गिऱ्हाइकांबरोबर अल्टरेशनच्या कामाचीही गर्दी होते. समजा, एका दुकानात अशा कपड्यांसाठी आठ खण आहेत. आलेला कपडा क्रमाने पुढील खणात ठेवावयाचा आणि कारागिराने पहिल्या खणापासून एकेक उचलावयाचा, असा शिरस्ता. पंढरपूरच्या दर्शनबारीचा न्यायही हाच: जो आधी उभा राहिला, तो आधी पुढे जातो. संगणकशास्त्रात या रचनेस ‘क्यू’, म्हणजे रांग, असे म्हणतात.

आठवा खण भरतो तेव्हा कारागिराने पहिले तीन खण मोकळे केलेले असतात. तरीही आठव्याच्या पुढे खण नाही म्हणून नोकर सांगतो, ‘जागा नाही.’ जागा असते. नियमाला ती दिसत नाही. उरलेले पाचही कपडे उचलून पुढच्या खणांत सरकविणे हा एक उपाय झाला, परंतु त्यात वेळ आणि श्रम दोन्ही वाया जातात. दुसऱ्या उपायास काहीच खर्च नाही: आठानंतर पुन्हा एक मोजावा. घड्याळात बारानंतर एक येतो, फाल्गुनानंतर चैत्र येतो, तसेच हे. हीच चक्राकार रांग, अर्थात ‘सर्क्युलर क्यू’. संगणक खणांना शून्य ते सात असे क्रमांक देतो. सातात एक मिळविला की आठ होतात, आठास आठाने भागले की बाकी शून्य उरते, आणि रांग आपोआप पहिल्या खणाशी येते. पुढचा कपडा कोठून उचलावयाचा आणि नवा कोठे ठेवावयाचा, एवढ्या दोनच खुणा सांभाळल्या की काम भागते.

रांगेस असे वळण मिळाले की तिच्यातून ‘पाळी’ जन्मते. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवी नाही. ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाच्या शेतास पाणी मिळते आणि सर्वांची पाळी झाली की पुढील आवर्तनाची वाट पाहावयाची. संगणकाचा प्रोसेसरही असाच वागतो. बिल छापणे, मालाची नोंद करणे, संदेश स्वीकारणे, या प्रत्येक कामास तो क्षणाचा अल्पसा अंश देतो. काम अपुरे राहिले तर ते रांगेच्या शेवटी जाते आणि पुन्हा पाळी आली की पुढे चालू होते. या पद्धतीस ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. एखादे मोठे काम अडून बसले म्हणून लहान कामे त्यात खोळंबत नाहीत.

खरा प्रश्न उभा राहतो तो आठही खण भरलेले असताना नववा कपडा आल्यावर. येथे दोन मार्ग संभवतात आणि त्यांचे परिणाम अगदी भिन्न आहेत.

पहिला मार्ग नव्यास नकार देण्याचा. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात कीबोर्डवरील अक्षरांसाठी सोळा खणांची चक्राकार रांग होती. रांग भरलेली आहे की रिकामी, याचा घोटाळा होऊ नये म्हणून एक खण नेहमी मोकळा ठेवीत. पंधरा अक्षरे थांबून राहिली आणि सोळावे आले की संगणक ‘बीप’ असा आवाज करून ते नाकारी. दुसरा मार्ग सर्वांत जुन्यास काढून त्याची जागा नव्यास देण्याचा. यात बीप नसते आणि तक्रारही नसते. जुने नाहीसे झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नवी पेठेतील दुकानांत छताखाली बसविलेले सीसीटीव्ही कॅमेरे सामान्यतः या दुसऱ्या मार्गाने चालतात. हार्डडिस्क भरली की सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदास दोन मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करीत असेल, तर दिवसास सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांस ८६ जीबीहून थोडी अधिक लागते. म्हणजे एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत एक फेरा पूर्ण करते. कॅमेरे आठ केले तर सहा दिवसही पुरत नाहीत. मालाची मोजदाद मात्र महिन्याच्या अखेरीस होते. पाच तारखेस गेलेला गठ्ठा तीस तारखेस कमी भरला, तर चोर दाखविणारे चित्रण केव्हाच पुसले गेलेले असते. मग संशय उरतो आणि तो बहुधा गरीब नोकरावर जातो. पुराव्याअभावी एखाद्या निरपराध्याची अब्रू जाणे हे गठ्ठ्याच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान होय.

ही चूक मोठमोठ्यांच्याही हातून होते. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचा, दाराच्या जागी बसविलेला बंद भाग आकाशात निखळून पडला. विमान सुखरूप उतरले. परंतु वैमानिक कक्षातील संभाषण टिपणारे यंत्र केवळ शेवटचे दोन तास जपून ठेवी आणि ते वेळेवर बंद केले गेले नाही. त्या मोलाच्या क्षणांवर नंतरचे ध्वनिमुद्रण चढले आणि तपासासाठी काहीच हाती उरले नाही. त्याच वर्षी अमेरिकेने नव्या विमानांसाठी पंचवीस तासांच्या ध्वनिमुद्रणाचा कायदा केला.

व्यापाऱ्याने यातून एक नियम घ्यावा: तपासणीचा काळ चक्राच्या फेऱ्यापेक्षा नेहमी लहान असावा. फेरा साडेअकरा दिवसांचा असेल, तर निदान किमती मालाची मोजदाद आठवड्यास व्हावी. किंवा मोजदाद महिन्याने करावयाची असेल, तर डिस्क त्या मानाने मोठी घ्यावी. आपल्या यंत्रात आज सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. काही विपरीत घडल्याचा संशय येताच त्या दिवसाचे चित्रण वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे.

काही गोष्टी मात्र चक्रात घालावयाच्याच नसतात. लक्ष्मीपूजनास नवी वही पूजली जाते, पण जुन्या वहीची पाने पुसून त्यांवर नवे जमाखर्च कोणी मांडीत नाही. जीएसटी कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक केले आहे. संगणकावरील हिशेबाची बॅकअप प्रत रोज एकाच पेन ड्राइव्हवर, कालच्या प्रतीवर चढवून घेणारे दुकान नकळत एका खणाचे चक्र चालवीत असते: आज एखादी नोंद बिघडली, तर कालची निर्दोष प्रतही त्याच रात्री जाते. सात वारांच्या सात प्रती ठेवाव्यात आणि महिनाअखेरीची प्रत चक्राबाहेर काढून कपाटात जपावी. चक्र जागा वाचविते; काय वाचवावयाचे, हे मात्र धन्यासच ठरवावे लागते.