तंबोरा म्हणजे गोंगाट नव्हे

भास्करबुवा बखले १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मले आणि फैज महंमद खाँसाहेबांची तालीम त्यांना बडोद्यातच मिळाली. गौहरजान यांचे गाणे कलकत्त्यास १९०२ सालीच तबकडीसाठी मुद्रित झाले होते. बुवा त्यानंतर वीस वर्षे, १९२२ पर्यंत, हयात होते. तरीही त्यांचे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळत नाही. यंत्र देशात असून आवाज गेला, ही चुटपुट अजून जात नाही.

आज यंत्र घरोघरी आहे. साधा संगणक, बरासा मायक्रोफोन आणि ऑडॅसिटीसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर असले की ध्वनिमुद्रण होते. माझी तक्रार निराळी आहे. यंत्र जे आधीच ठरवून येते, ते आपण निमूटपणे मान्य करतो.

आमच्या आत्याबाईंनी नव्वदीच्या उंबरठ्यावर तंबोरा घेऊन भूप गाइला आणि घरातील मुलांनी तो व्हिडिओ कॉलवरून हौसेने मुद्रित केला. पुढे ऐकावयास बसलो, तो तंबोरा काही क्षणांतच नाहीसा झालेला आणि लांबविलेला षड्ज मध्येच विरलेला! अशा सोयी संभाषणासाठी केलेल्या असतात. जो आवाज एकसारखा चालू राहतो, तो पंख्याची घरघर समजून पुसून टाकावा, हा त्यांचा खाक्या. बोलणाऱ्याची त्याने सोय होते, गाणाऱ्याचा आधारस्वरच जातो. आत्याबाई आता नाहीत. दुसऱ्यांदा गावयास सांगणार कोणाला?

म्हणून वडीलधाऱ्यांना गावयास बसविण्यापूर्वी अर्धा तास यंत्रापाशी घालवावा. गोंगाट दाबण्याची आणि आवाज आपोआप लहानमोठा करण्याची, अशा दोन्ही सोयी बंद कराव्यात. आवाज कोणत्या मायक्रोफोनमधून घ्यावयाचा, हे सॉफ्टवेअरमध्ये स्वतः निवडावे; पुष्कळदा चांगला मायक्रोफोन समोर शोभेला राहतो आणि मुद्रण होते संगणकाच्या अंगच्या मायक्रोफोनातून. आवाज बाहेर सोडावयाचा तो हेडफोनमध्ये. स्पीकर चालू ठेवला तर तोच आवाज पुन्हा मायक्रोफोनात शिरतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येत असेल, तर बफर कमी करावा. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १,०२४ नमुन्यांचा बफर एकटाच सुमारे २१ मिलिसेकंद उशीर करतो, १२८ चा तीनहून कमी. तारसप्तकातील जोरकस तानेलाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. शून्यावर आपटून फाटलेला स्वर नीट सांधता येत नाही. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी. एमपी-थ्री लहान होते ती काही अंश टाकून देऊनच.

आणखी एक. संगीताची पुष्कळ सॉफ्टवेअरे मिनिटाला १२० ठोके आणि चार मात्रांची मोजणी धरूनच उघडतात. तो ठोका बंद करावा. जात्यावरची ओवी जात्याच्या गतीने चालते, विलंबित ख्याल तर त्याहून निराळाच.

यात कोणी अभियंता होण्याचे कारण नाही. मिनिटभर मुद्रण करावे, ऐकावे, तंबोरा शेवटपर्यंत शाबूत आहे ना हे पाहावे, आणि मगच आजीला म्हणावे, 'हं, आता गा.'