पहाटे न उठणारी मुलं आळशी नसतात



आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात आणि नऊ-साडेनऊला मोठी माणसं आडवी होतात. पहाटे चारला त्यांचे डोळे आपोआप उघडतात. मग सातपर्यंत पांघरुणात असलेल्या दहावीतल्या नातवाकडे बघून तोंडातून शब्द निघतोच, "आळशी!" माझी हरकत या शब्दाला आहे. आजीचं लवकर उठणं ही सगळी तिची शिस्त नसते आणि नातवाचं उशिरा उठणं हा सगळा त्याचा आळस नसतो. दोघांच्या मेंदूचं वय वेगळं आहे, आणि मेंदू वयाप्रमाणे आपली चाल बदलतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. ही वीज इतकी बारीक, की डोक्याच्या कातडीवर ती टॉर्चच्या सेलपेक्षा हजारो पटींनी कमी भरते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरांनी 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी असे आलेख घेतले. त्यालाच आज आपण ईईजी म्हणतो. फिट येणाऱ्या मुलाला नागपूरला नेलं की डोक्याला तारा लावून काढतात तोच हा आलेख. त्यात शॉक वगैरे काही नसतो, मशीन फक्त टिपून घेतं.

आपण डोळे मिटून शांत बसलो, सामायिकात बसतो तसं, की डोक्याच्या मागच्या भागात एका ठरावीक लयीच्या लहरी उमटतात. तीन-चार महिन्यांच्या बाळात त्या सेकंदाला 3-4 असतात. वर्षाच्या बाळात 6 च्या आसपास, तीन वर्षांच्या मुलात 8 आणि दहाव्या वर्षापर्यंत साधारण 10. मोठेपणी ही लय टिकते आणि म्हातारपणी थोडी मंदावते. निरोगी म्हातारपणात मात्र ती सहसा 8 च्या खाली जात नाही. म्हणून घरातलं माणूस अचानक गोंधळायला लागलं, तर "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

झोपेतला फरक याहून मोठा आहे. गाढ झोपेत मंद आणि उंच लहरी येतात. लहान मुलांत त्या सर्वांत उंच असतात, म्हणून लग्नाच्या मांडवात बँड वाजत असला तरी पाच वर्षांचं पोर खांद्यावर झोपून राहतं. अकराव्या वर्षापासून साडेसोळापर्यंत या लहरींचा जोर 60 टक्क्यांहून जास्त उतरतो. शास्त्रज्ञ याचा संबंध मेंदूच्या आवराआवरीशी लावतात. वर्षअखेरीला दुकानदार स्टॉक तपासून पडून राहिलेला माल काढतो, तसे या वयात मेंदू नको असलेले जोड काढून टाकतो. याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे मुलाला दहा-अकराच्या आधी झोप येत नाही. आणि झोप तर त्याला 8 ते 10 तास हवी. पुढे साठीनंतर गाढ झोप आणखी कमी होते, संध्याकाळीच डोळे जड होतात आणि पहाटे जाग येते. जे नातवाला जमत नाही, ते आजीला टाळता येत नाही.

आता आपल्या सरकारचा निर्णय बघा. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये शाळेच्या वेळेचा विषय काढला. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांसाठी ते चांगलंच झालं. पण लहान मुलं मुळात लवकर झोपतात, लवकर उठतात. ज्यांना खरी गरज, ती सातवी ते बारावीची मुलं मात्र बाहेरच राहिली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये नेमकं या मोठ्या मुलांसाठी साडेआठच्या आधी शाळा नको असं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू आहे.

आमच्या कुरखेड्यासारख्या ठिकाणी बऱ्याच शाळा साडेदहा-अकराला भरतात, मग अडचण कुठे? अडचण पहाटेच्या शिकवणीत आहे. थंडीत, अंधारात, साडेपाचला पोरं सायकली काढतात. जंगलातल्या गावांहून बसने येणाऱ्या मुलींना तर बसच्या वेळेप्रमाणे उठावं लागतं. उन्हाळ्यातली सकाळची शाळा मला मान्य आहे. इथलं ऊन पाहता दुसरा इलाज नाही. पण त्या दिवसांत तरी शाळेआधीची शिकवणी बंद ठेवावी.

"सगळा मोबाईलचा दोष" असं कोणी म्हणेल. मोबाईल आगीत तेल ओततो हे खरं, रात्री नऊनंतर तो मुलांच्या हातातून काढून घ्यावाच. पण आग त्याने लावलेली नाही, ती वयाची आहे. "आम्ही नाही का उठायचो पहाटे?" हेही ऐकते. उठायचो, पण वर्गात किती जणी पेंगायच्या हे कोणी मोजलं होतं?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. ती जागा फक्त सहीपुरती ठेवू नका. पुढच्या सभेत सातवी-आठवीच्या वेळापत्रकाचा विषय काढा, आणि शिकवणीवाल्या सरांना चार जणींनी मिळून सांगा, वर्ग संध्याकाळी घ्या. चारला उठून माळ जपणाऱ्या आजीला तिची पहाट लखलाभ असो. नातवाला त्याची सकाळ सातला सुरू करू द्या, आणि तो उठल्यावर त्याला आळशी म्हणू नका.