माळ्यावरची गिटार

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या वस्तू एकेक करून खाली येतात. तांब्याचे हंडे, जुन्या वह्यांचे गठ्ठे, मुलांची पहिली सायकल. आणि ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत कितीतरी घरांत, काळ्या रेक्झिनच्या पिशवीतील एक गिटार. 1988 मध्ये ‘कयामत से कयामत तक’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, कॉलेजच्या समारंभात गिटार घेऊन गाणारा त्याचा नायक घराघरांत पोहोचला, आणि अनेक तरुणांनी वडिलांच्या मागे लागून हे वाद्य मिळवले. पुढे वडिलांना दुकानात हाताशी माणूस हवा झाला. सकाळी शटर, रात्री मेळ, मधल्या वेळात उधारीची वसुली. गिटार माळ्यावर गेली ती तिथेच राहिली.

आता मुलगा पेढीवर बसू लागला आहे. पन्नाशीच्या गृहस्थाला संध्याकाळचा एक तास मोकळा मिळू लागला आहे, आणि धूळ पुसताना बोटे नकळत तारांवर जातात. प्रश्न तिथेच उभा राहतो. जुनीच नीट करून घ्यावी की नवी घ्यावी? नवी घ्यायची तर कोणती?

येथे एक गंमत घडते. कापडाचा ताका हातात घेताच त्याचा पोत सांगणारा, धान्याची मूठ उचलून दर ठरवणारा व्यापारी गिटार मात्र डोळ्यांनी खरेदी करतो. तरुणपणी परवडली नव्हती ती मोठी, चकचकीत गिटार तो घरी आणतो. पंधरा दिवसांत बोटांची टोके हुळहुळतात, खांदा दुखतो, आणि ‘आता आपले वय झाले’ असे म्हणून गिटार कोपऱ्यात जाते. दोष बहुधा वयाचा नसतो, वाद्याच्या निवडीचा असतो. एकदा सुटलेली कला पुन्हा हाती धरण्याची उमेद माणसाला वारंवार येत नाही. म्हणून ही खरेदी लहान असली तरी विचाराने करावी.

पहिली तपासणी माळ्यावरच्या गिटारीचीच करावी. एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला उल्हास नदी असलेल्या या पट्ट्यात पावसाळ्यातील हवा अतिशय दमट असते. लाकूड ओलावा शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशी अनेक वर्षे गेली की दांडीला बाक येतो, वरची फळी फुगते, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मागच्या बाजूने उचलली जाते. बाराव्या पडद्यापाशी पट्टी उभी धरून जाड तार किती उंचीवर आहे ते पाहावे. पोलादी तारांच्या गिटारीत ही उंची साधारण अडीच मिलिमीटर असली तर हात सुखाने चालतो; चार-पाच मिलिमीटर भरली तर प्रत्येक सूर दाबताना कष्ट पडतात. दांडीत लोखंडी सळई असेल तर जाणता कारागीर ती फिरवून बाक काढतो, घोडीवरील पट्टी घासून तारा खाली आणतो. एवढ्याने भागले तर नवी गिटार घेण्याचे कारण उरत नाही. घोडी उखडली असेल किंवा दांडी पिळवटली असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा.

नवी घ्यायची ठरली तर आधी वाजवायचे काय ते ठरवावे. चित्रपटगीतांना साथ करायची असेल तर पोलादी तारांची गिटार खणखणीत बोलते. स्तवन किंवा भजनाची चाल संथपणे वाजवायची असेल तर नायलॉनच्या तारांचा मऊ आवाज अधिक शोभतो. ब्रिजभूषण काब्रा यांच्यासारखे राग वाजवण्याची हौस असेल तर मार्गच निराळा. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह 1967 मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत काब्रा यांची गिटार ऐकू येते. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवली जाते, आणि त्यासाठी तारा मुद्दाम उंच ठेवतात. दुकानदाराला हा हेतू सांगितला नाही तर भलतीच वस्तू गळ्यात पडते.

बोटांच्या दृष्टीने तारांतील फरक मोठा आहे. पोलादाच्या नेहमीच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो भरतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. मात्र नायलॉनच्या गिटारीची दांडी रुंद असते. वरच्या टोकाला ती सुमारे 52 मिलिमीटर भरते, तर पोलादी तारांच्या गिटारीची 43 ते 44. लहान पंजाच्या माणसाला ही रुंदी अडचणीची वाटते. पोलादी तारांचा आवाज हवा असेल तर सुरुवातीला सर्वांत बारीक तारांचा संच चढवून घ्यावा. बोटे सरावली की जाड तारा केव्हाही लावता येतात.

आकाराचा मोह आवरावा. दुकानात सर्वाधिक दिसणारी रुंद कमरेची गिटार ‘ड्रेडनॉट’ नावाने ओळखली जाते. 1906 मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचे हे नाव. त्या घाटाची गिटार अमेरिकेतील मार्टिन कंपनीने 1916 मध्ये प्रथम बनवली. तिचा आवाज भरदार असतो, पण तिच्यावरून हात टाकून तासभर बसले की उजवा खांदा वर उचलला जातो. घरातील खोलीत वाजवणाऱ्याला लहान घाटाची गिटार पुरेशी होते. कल्याणहून ठाण्याला शिकवणीस जाणाऱ्याला तर लोकलच्या गर्दीत तिचा लहानपणा पहिल्याच दिवशी पटेल.

लाकडाच्या बाबतीत विक्रेते पुष्कळ सांगतात. वरची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज खुलतो आणि वर्षानुवर्षे सुधारतो. पण तीच दमट हवेत लवकर बिघडते. प्लायची फळी आवाजात थोडी उणी, पण हवामान सोसणारी. पाठीला आणि बाजूंना लावली जाणारी शिसवी तर आपल्याच देशातील. मार्टिन कंपनीने 1969 मध्ये ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसवी वापरण्यास सुरुवात केली, आणि पश्चिम घाटात वाढणाऱ्या या झाडाला जगभरच्या वाद्यांत मानाचे स्थान मिळाले. मागणी वाढली तशी जंगलाची चिंताही वाढली. 2017 पासून शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले; तयार वाद्यांना 2019 मध्ये त्यातून सूट देण्यात आली.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घराने आणखी एक प्रश्न विचारावा. पूर्वी गिटारीच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून बनत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा तुटवडा पडला आणि नायलॉनच्या तारा पुढे आल्या. आज ती अडचण नाही, परंतु महाग गिटारीत तारांखालच्या पट्ट्या अनेकदा हाडाच्या असतात, जोडकामात कातड्याचा सरस आणि पॉलिशमध्ये लाख असू शकते. खांद्याचा पट्टा चामड्याचा असू शकतो. या सर्वांना पर्याय आहेत. कृत्रिम पदार्थाच्या पट्ट्या चांगल्या मिळतात आणि बदलूनही घेता येतात. विचारण्यात संकोच नसावा.

प्रत्यक्ष खरेदीला वेळ घेऊन जावे. मुंबईत 1865 पासून चालत आलेल्या फुर्टाडोससारख्या जुन्या पेढीत जावे किंवा जवळच्या दुकानात, गिटार मांडीवर घेतल्याशिवाय ठरवू नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. कोठे खरखर आली तर दुसरी मागावी. खुंट्या फिरवून सूर टिकतो का ते तपासावे. मग दोन-तीन गिटारी दुकानदाराला वाजवायला सांगाव्यात आणि आपण पाठ फिरवून ऐकावे. किंमत आणि चकाकी दृष्टीआड झाली की कान खरे बोलतो. ठरवलेल्या रकमेपैकी काही भाग तारांची उंची नीट करून घेणे, जादा तारा, सूर जुळवण्याचे लहान यंत्र आणि भक्कम पेटी यांसाठी राखून ठेवावा. पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या बदलाव्यात.

घरी आणल्यावर पहिला महिना रोज पंधरा मिनिटेच वाजवावे. रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर काही नाही, या पद्धतीने बोटे सोलवटतात. रोजच्या सरावाने काही आठवड्यांत टोके घट्ट होतात, आणि विसरलेली वाटणारी वळणे डाव्या हाताला आपोआप आठवू लागतात.

शेवटची गोष्ट जागेची. गिटार बैठकीच्या खोलीत, येता-जाता हात लागेल अशी उभी असावी. दुकानातून थकून आलेला माणूस शिडी लावून माळ्यावर चढत नाही. पण चहा येईपर्यंत समोरची गिटार उचलतो.