ओंजळींतील नांवें

भाद्रपदाच्या वद्य पक्षाविषयीं सुशिक्षित घरांतूनहि एक चमत्कारिक समजूत आढळते. या पंधरवड्यांत नवें वस्त्र घेऊं नये, घराचा व्यवहार करूं नये, लग्नाची बोलणीं काढूं नयेत; जणूं हे दिवस पंचांगांतून गाळले असते तर बरेंच झालें असतें! आम्हांस मात्र निराळें वाटतें. ज्यांच्यामुळें आपण आहों त्यांची आठवण करण्यासाठीं इतके सलग दिवस वर्षांत दुसरे राखलेले नाहींत; मग त्यांस अशुभ म्हणणें हें कृतज्ञतेलाच अशुभ म्हणणें नव्हे काय?

या दिवसांतील स्वयंपाकघर पाहावें. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी हे पदार्थ ठरलेलेच. परंतु कित्येक घरीं त्यांच्या जोडीला एखादा पदार्थ असा असतो कीं, जो कोणत्याहि पोथींत सांपडावयाचा नाहीं. आमच्या वडिलांस सुरळीच्या वड्या फार आवडत. हरभऱ्याचें पीठ श्राद्धाला चालत नाहीं, असें गुरुजी दर वर्षीं सांगतात. आणि दर वर्षीं आमच्या मातोश्री चार वड्या करून निराळ्या ताटलींत झांकून ठेवतात. गुरुजी तिकडे पाहत नाहींत, मातोश्रीहि कांहीं बोलत नाहींत. गेलेल्या माणसाची तिथि पंचांगांत मिळते. त्याची आवड कोणीतरी मनांत सांभाळून ठेवावी लागते. ज्या घरांत अशी झांकलेली ताटली असते, तेथें श्राद्ध श्रद्धेनें झालें असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

तर्पणाचा विधीहि नीट पाहण्यासारखा आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून तिळाचें पाणी सोडावयाचें, तें प्रथम बाप, आजा, पणजा यांस. मग आई, आजी, पणजी यांस. त्यानंतर आजोळच्या तीन पिढ्यांस. परंतु महालयांत गाडी तेवढ्यावर थांबत नाहीं. पत्नी, मुलगा, मुलगी, चुलता, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरु, शिष्य, मित्र अशी ती यादी लांबत जाते. कुळांत जे निपुत्रिक गेले त्यांच्यासाठींहि स्नानानंतरच्या ओल्या वस्त्राचें पिळलेलें पाणी राखलेलें आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावें, अशीहि सोय आहे. कोणी उपाशी, तहानलेला राहूं नये, एवढीच या सर्व खटाटोपामागची तळमळ दिसते.

आणि तरीहि कोणीतरी राहून जातेंच. बहुधा ती एक बाई असते.

आमच्या वडिलांच्या एक आत्या होत्या. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें, अकराव्या वर्षीं कुंकू पुसलें, आणि पुढें साठ वर्षें माहेरचें स्वयंपाकघर हेंच त्यांचें जग झालें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्यें झाला होता. अण्णासाहेब कर्व्यांनीं पुण्यास १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला होता. परंतु कायदा आणि आश्रम यांच्यापासून आमच्या गांवचें तें माजघर फार दूर होतें. घरांतील किती बाळंतिणींना त्यांनीं शेकलें, किती पोरांना दुखण्यांतून उठवलें, याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. लहानथोर सर्व त्यांना नुसतें 'आत्या' म्हणत. भावाची आत्या, पुतण्याची आत्या, नातवंडांचीहि आत्याच.

एका सर्वपित्रीला यादी वाचतां वाचतां गुरुजींनीं विचारलें, "आत्याबाईंचें नांव?" वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. "आत्याच म्हणत असूं," थोरले काका म्हणाले. शास्त्रकारांनीं आत्येची जागा राखून ठेवली होती. परंतु त्या जागीं उच्चारावयाचें नांवच कोणाला ठाऊक नव्हतें. तेवढ्यांत आमच्या काकू उठल्या. माळ्यावर एक जुना पितळी गडू होता, त्यावर त्यांना पूर्वीं कधीं अक्षरें दिसलीं होतीं. चिंचेनें घांसल्यावर बारीक ठोक्यांनीं घातलेलें नांव वर आलें. लग्नांत माहेरच्या कोणी आहेर केलेलें तें भांडें होतें. तें नांव आम्ही येथें सांगत नाहीं, तें घरचें आहे. पण त्या दिवशीं ओंजळींतून तें प्रथमच उच्चारलें गेलें, तेव्हां थोरल्या काकांच्या डोळ्यांना पाणी आलें. सत्तर वर्षांचा तो गृहस्थ एका क्षणांत त्या बाईच्या मांडीवरचें मूल झाला.

कर्णाविषयीं लोकांत एक कथा सांगतात. स्वर्गांत गेल्यावर त्याच्या ताटांत अन्नाऐवजीं सोनेंच येऊं लागलें. कारण जन्मभर त्यानें सोनें दान केलें, पण पितरांना अन्न दिलें नव्हतें. "माझे पितर कोण हेंच मला ठाऊक नव्हतें," असें त्यानें सांगितल्यावर त्याला पंधरा दिवस पृथ्वीवर परत येऊं दिलें, आणि तोच हा पक्ष. दानशूर कर्णाला उणें पडलें तें औदार्य नव्हे, नांवें! पुढें स्वतः कर्णाचें तरी काय झालें? युद्धानंतर गंगेच्या तीरीं मृतांना उदक देणें चाललें असतां कुंतीनें युधिष्ठिराला सांगितलें कीं, कर्णालाहि पाणी दे, तो तुमचा वडील भाऊ. आयुष्यभर न उच्चारलेलें नातें तिनें उच्चारलें तें ओंजळभर पाण्यासाठीं.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, एक सुचवावेंसें वाटतें. घरांत एक वही करावी. एका पानावर एकेक नांव, आणि स्त्रियांचीं माहेरचीं व सासरचीं अशीं दोन्ही नांवें. कारण तांदळांत लिहिलेल्या नव्या नांवाखालीं जुनें नांव बुजून जाण्याची चाल आपल्याकडे फार झाली. नांवापुढें तिथि आणि एखादी आवड लिहावी. हल्लीं एक भाऊ पुण्यास, दुसरा बंगळूरास, तिसरा अमेरिकेंत अशी घरें पांगलीं आहेत. जुन्या भांड्यांवरचीं नांवें वाचणारी काकू प्रत्येक बिऱ्हाडांत असणार नाहीं.

सन २०२० मध्यें महामारीमुळें कित्येकांना आपल्या माणसाचें अंत्यदर्शनहि घडलें नाहीं. त्या वर्षीं १७ सप्टेंबरला सर्वपित्री झाली, आणि पुढें अधिक आश्विन आल्यामुळें घटस्थापनेला १७ ऑक्टोबर उजाडला. एरवीं जें दुसऱ्या दिवशीं येतें, त्यासाठीं महिनाभर थांबावें लागलें. शोक पुष्कळ होता. त्याला वेळहि अधिक मिळाला, असें तेव्हां मनांत आलें.

परंतु घट बसलेच. अमावास्येला हातांत तीळ असतात. नवरात्र लागलें कीं त्याच हातांनीं परडींतल्या काळ्या मातींत धान्य पेरावयाचें. दसऱ्यापर्यंत तीं रोपें वीतभर होतात, आणि पुष्कळ ठिकाणीं मुलें तीं टोपींत खोवून सोनें वाटावयास निघतात. पेरावयाचें हें बीं येतें तरी कोठून? मागच्या कोणीतरी आपल्या घासांतून तें राखून ठेवलेलें असतें. त्या राखणाऱ्यांचीं नांवें आधीं घ्यावींत आणि मग पेरावें, असा हा क्रम आहे. आम्हांस तो फार योग्य वाटतो.