फवारणीचा हुकूम आभाळ देत नाही



अमेरिकेत पिकावर फवारा मारणारं विमान पडलं, पायलट गेला, की लोकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असते. हवामान खराब होतं. ऐकणारा म्हणतो, बिचाऱ्याचं नशीब. विषय संपला. माझं भांडण या वाक्याशी आहे. आभाळ कोणाला फवारायला जा म्हणत नाही. जा म्हणणारा माणूस असतो.

हे काम कसं चालते ते आधी समजून घ्या. 3 ऑगस्ट 1921 ला ओहायो राज्यात पहिल्यांदा विमानातून विषारी भुकटी टाकली, झाडांवरच्या अळीसाठी. पुढच्या काही वर्षांत तेच कपाशीच्या बोंडावरच्या सोंडकिड्यासाठी सुरू झालं. आजचं मोठं विमान एका खेपेला तीन हजार लिटर द्रावण उचलते. म्हणजे आपले 15 लिटरचे दोनशे पंप. पिकाच्या तीन-चार मीटर वरून जायचं, धुरा आला की वर उचलायचं, वळायचं, परत खाली. दिवसभर हेच. मधे विजेच्या तारा, झाडं. ढग खाली उतरले की वळायला जागा कमी, पावसाच्या धूसरात तार दिसत नाही. वाऱ्याचा झोत आला तर भरलेलं विमान सावरायला खाली उंचीच नसते. प्रवासी विमानाला सावरायला हजारो फूट मिळतात, याला नाही.

मग अशा हवेत जातात कशाला? कारण बोलावणं अशाच हवेत येते. झड लागली की रोग वाढतो, कीड वाढते. चिखलात ट्रॅक्टर शिरत नाही. मग विमान बोलवा. मधात दोन तासाची उघाड दिसली की सगळ्यांना आजच पाहिजे. त्यात बऱ्याच पायलटांची कमाई एकरावर. उभ्या विमानाला पैसे नाहीत.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2013 सालचे शेतीकामाच्या विमानांचे 78 अपघात एकत्र तपासले. त्यात 9 जीव गेले होते. 2014 च्या अहवालात त्यांनी नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं नाही. हंगामातले लांब दिवस, थकवा, विमानाची देखभाल, उडण्याआधी धोका तोलायची पद्धत, यावर बोट ठेवलं. आणि माणूस वाचवायचा ठरवला तर वाचवता येतो, हेही तिथंच दिसते. 1950 साली फ्रेड वाइक या इंजिनिअरने टेक्सासमधे खास शेतीकामासाठी विमान बनवलं. पायलट उंच बसवला, पट्टे मजबूत. पडलं तरी माणूस चेंगरू नये म्हणून.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या पायलटाचं आपल्याला काय? 2017 चा यवतमाळ आठवा. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट, उकाडा, त्यात दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. घामाच्या अंगात औषध लवकर भिनते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. बरेचसे रोजमजूर. आणि नंतर काय ऐकलं? मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, निष्काळजीपणा केला. तिथं दोष आभाळाचा, इथं मेलेल्याचा. त्या उकाड्यात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत त्याला पाठवलं कोणी, हे विचारायचं राहून जाते. आणि आपल्याकडे फवारणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर असते, हेही कोणी बोलत नाही. त्यांचा एकर, आपला पंप. दोन्हीकडे थांबणाऱ्याचं पोट मारलं जाते.

आता ड्रोन आला आहे. चालवणारा धुऱ्यावर उभा राहतो, पडलं तर यंत्र पडते. मी त्याच्या बाजूनेच आहे. पण भाडं पुन्हा एकरावर. वारा सुटला तरी "एवढं उरकून टाक भाऊ" म्हणणारा धुऱ्यावरच उभा असतो. मग औषध उडून जाते शेजारच्या वावरात, निंदणाऱ्या बायांच्या अंगावर.

यावर उत्तर ठरलेलं आहे, की एक दिवस थांबलं तर अळी बोंडात शिरते. खरं आहे, बोंडअळी कोणासाठी थांबत नाही. पण नुकसान पीकवाल्याचं, आणि ते वाचवायला जीव पणाला लावायचा दुसऱ्याने, तोही एकराच्या नाही तर पंपाच्या भावात? हा सौदा मला मान्य नाही. पीक पुढच्या साली परत घेता येते.

मागणी साधी आहे. फवारणीची मजुरी पंपावर नको, दिवसावर द्या. वारा, ढग, उकाडा पाहून फवारणाऱ्याने "आज नाही" म्हटलं तर तोच शब्द शेवटचा, आणि त्या दिवसाचा निदान अर्धा रोज त्याला द्या. ड्रोनवाल्यालाही हाच नियम. आणि अपघात झालाच, विमानाचा असो की पंपाचा, तर चौकशीच्या कागदावर दोन प्रश्न लिहा. त्या दिवशी जायला कोणी सांगितलं? आणि पैसे कशावर ठरले होते?

हंगामाच्या फवारण्या सुरू व्हायच्या आधी आपापल्या गावात, चावडीवर, हे एकदा बोलून घ्या. पटत नसेल तर इथंच सांगा, भांडू. पण "हवामान खराब होतं" एवढं बोलून उठू नका.