ताईची वर्ज्य यादी

गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही अँटॉप हिलला ताईकडे गेलो होतो. भाचा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून बिऱ्हाड तिथल्या सरकारी वसाहतीत. चार महिन्यांपूर्वी भावजींच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ परळला ऑपरेशन करून काढली होती. जखम भरली, पण वजन काही भरेना.

कारण स्वयंपाकघरात चिकटवलेले होते. ‘ह्यांना वर्ज्य’ अशा मथळ्याखाली संत्री, मटार, सोयाबीन, अळिंबी, ढोबळी मिरची! भाच्याने कुठूनसा तक्ता आणला होता. कोणत्या पदार्थात किलोमागे किती मिलिग्रॅम पॉलिअमाइन, याचा. मोठ्या आकड्यांवर ताईने तांबडी रेघ ओढली होती.

“अरे, त्यातल्या एकाचं नाव प्युट्रेसिन. कुजण्यावरून पडलंय म्हणे! ते मी ह्यांच्या पानात वाढू?”

नावाचा दोष ब्रीगर नावाच्या जर्मन वैद्याचा. १८८५ च्या सुमारास त्याला हे द्रव्य कुजक्या मांसात सापडले. पण तेच ताज्या संत्र्यात असते आणि आपल्या पेशीपेशीतही असते. शरीर त्यापासून स्पर्मिडिन बनवते आणि स्पर्मिडिनपासून स्पर्मिन. पेशी वाढायची, एकीच्या दोन व्हायच्या, तर ही मंडळी हवीतच. आईच्या दुधातही ती असतात. कर्करोगाची पेशी बेबंद वाढते, म्हणून तिला ती अधिक लागतात. घोटाळा आहे तो इथे.

मोजणीही मोठी जिकिरीची. पदार्थ वाटून त्याचा अर्क आम्लात उतरवायचा, पॉलिअमाइनांना चमकणारे रसायन जोडायचे, मग तो द्रव दाबाने बारीक नळीतून सोडून एकेक द्रव्य वेगळे करायचे आणि त्याची चमक मोजायची. एवढे करूनही फळाची जात, पक्वता, साठवण यांप्रमाणे आकडा बदलतो. तक्त्यातले संत्रे म्हणजे ताईच्या पिशवीतले संत्रे नव्हे! शिवाय ताईने फडताळाला कुलूप घातले, तरी आतड्यातले जंतू आपला पॉलिअमाइनचा कारखाना चालूच ठेवतात.

पण तिची भीती अगदीच वाऱ्यावरची नव्हती, हे कबूल केले पाहिजे. आतड्यातल्या साध्या गाठी काढलेल्या ३७५ जणांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २००८ साली आला. शरीरातली पॉलिअमाइनची निर्मिती रोखणारे औषध, जोडीला सूज उतरवणारे दुसरे, असे तीन वर्षे दिले. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना पुन्हा गाठी झाल्या, औषधवाल्यांत १२ टक्क्यांना. पुढे २०१३ साली असेही दिसले, की ज्यांच्या जेवणात पॉलिअमाइन सर्वांत जास्त, त्यांना औषधाचा तसा लाभ झाला नाही. इथवर ताईची सरशी.

मात्र २०१५ साली अमेरिकेतल्याच ८० हजारांहून अधिक प्रौढ बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पॉलिअमाइन जास्त खाणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग जास्त, असे काही तीत निघाले नाही. इटलीतल्या ब्रुनेक गावच्या २०१८ च्या पाहणीत तर स्पर्मिडिन अधिक खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमीच आढळले. (तंबाखूच्या बाबतीत शास्त्राने अशी दोन तोंडे कधी केलेली नाहीत. पण भावजी ती खात नाहीत, म्हणून आमच्या तोंडून एक व्याख्यान वाचले.)

“मग काय, फाडू यादी?” ताई म्हणाली. आवाज जरा चढलाच होता. चार महिने त्या कागदावर ती नवऱ्याला जपत होती.

“फाडू नकोस. परळच्या आहारतज्ज्ञांना दाखव. ह्यांनी काय खायचं ते त्या ह्यांचा केसपेपर बघून सांगतील, तक्ता बघून नव्हे. आणि वजनाचं आधी सांग.”

तिने कागद काढला, घडी घालून फाइलीत ठेवला. तोवर आम्ही नेलेल्या करंडीतले एक संत्रे भावजींनी सोलायला घेतले होते. ताईने ते त्यांच्या हातातून काढून घेतले. आम्हाला वाटले, संपले! पण ती बिया काढत बसली.