किताबावाचून राहिलेला जिम ड्रिस्कॉल

मुष्टियुद्ध हा विषय आमच्या वाचकवर्गात, विशेषतः माजघरात, फारसा प्रिय नाही हे आम्ही जाणतो. दोन धडधाकट माणसांनी एकमेकांची नाके फोडावीत आणि हजारोंनी दाम मोजून ती पाहावीत, यात कौतुक ते काय, असे कोणी विचारल्यास आमच्यापाशी मोठेसे उत्तर नाही. तथापि या महिन्यात ज्या पुरुषाची हकीकत सांगावयाची आहे, त्याचे नाव त्याने दिलेल्या ठोशांइतकेच एका पाळलेल्या शब्दामुळे राहिले आहे. म्हणून हा विषय घरात वाचावयास हरकत नसावी.

या खेळात वजनाप्रमाणे वर्ग पाडलेले असतात, कारण दोन मणांच्या मल्लापुढे सव्वा मणाचा मनुष्य उभा करणे हा खेळ नव्हे. त्यांपैकी ‘फेदरवेट’, म्हणजे पिसाच्या वजनाचा, हा वर्ग १२६ पौंडांपर्यंतचा. येथे बळापेक्षा चापल्याला किंमत अधिक, आणि जाणकारांना या वर्गाचे सामने विशेष गोड वाटतात ते त्यामुळेच. या वर्गातील कित्येक थोर खेळाडू जगज्जेतेपदावाचून राहिले. बर्मिंगहॅमच्या ओवेन मोरनने १९०८ साली तत्कालीन जगज्जेता एब अटेल याच्याशी दोन वेळा झुंज दिली, एकदा २५ फेऱ्या आणि एकदा २३. दोन्ही वेळा बरोबरी! बरोबरीने किताब धन्याकडेच राहतो. परंतु सर्वांत चटका लावणारी गोष्ट ड्रिस्कॉलची.

जिम ड्रिस्कॉलचा जन्म वेल्स प्रांतातील कार्डिफ बंदरी १५ डिसेंबर १८८० रोजी, न्यूटाऊन नावाच्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीत झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता तोच वडील रेल्वेच्या मालधक्क्यावरील अपघातात गेले. मुलगा वयात येताच एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीस लागला. तेथे हातमोजे कोठून असणार? रद्दी वर्तमानपत्रे मुठींभोवती गुंडाळून पोरे आपसात खेळत. पुढे तो जत्रांतील तंबूंत लढू लागला. तेथे येईल त्या गड्याशी, कोळशाच्या खाणीतल्या धटिंगणाशीदेखील, सामना करावा लागे; मार चुकवावयास न शिकेल त्याची धडगत नसे. ताठ उभे राहून डावा हात सरळ, भाल्यासारखा फेकण्याची आणि समोरच्याचा ठोसा केसभर अंतराने हुकविण्याची त्याची जी कला पुढे नावाजली, तिची शाळा ही अशी होती.

१९०८ च्या अखेरीस तो अमेरिकेस गेला आणि १९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याची गाठ अटेलशी पडली. त्या वेळी त्या शहरी मुष्टियुद्धे मंडळाच्या सभासदांपुरतीच होत, आणि फेऱ्या संपल्यावर पंचाने निकाल देऊ नये असा दंडक होता. हेतू हा की जुगारास आळा बसावा. घडले असे की पैजा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवर तुटू लागल्या! जगज्जेत्याला पाडून निपचित केले तरच किताब हिरावता येई. दहा फेऱ्या ड्रिस्कॉलने अटेलला डाव्या हाताच्या टप्प्यावर खेळविले. पत्रकारांनी एकमुखाने म्हणण्याजोगा कौल त्याच्या बाजूने दिला. पण अटेल उभा होता. सबब किताबही त्याचाच होता.

पुन्हा सामना ठरविण्याची बोलणी निघाली. अमेरिकेत त्या घडीस ड्रिस्कॉलचे नाव सर्वतोमुखी होते, आणि थांबता तर पैशाला तोटा नव्हता. परंतु कार्डिफच्या नाझरेथ हाउस या अनाथाश्रमाच्या मदतीसाठी भरणाऱ्या खेळांत आपण उतरू, असे तेथील जोगिणींना त्याने वचन दिले होते. तो जहाजावर चढला आणि घरी आला.

अनाथ पोरांसाठी त्याने जगज्जेतेपद सोडले, असे ही गोष्ट सांगणारे म्हणतात. आम्हास ते थोडे वाढवून सांगितलेले वाटते. किताब त्याच्या हातात नव्हताच; हाती होती ती फक्त संधी. पण ती पुन्हा आली नाही, हे खरे. अटेलशी त्याची गाठ पुन्हा पडली नाही, आणि १९१२ साली अटेलचा किताब जॉनी किलबेनकडे गेला.

मायदेशी मानमरातबात मात्र उणे पडले नाही. फेदरवेट वर्गाचा पहिला लॉन्सडेल पट्टा त्याने १९१० साली जिंकला, आणि तीनदा विजयी होऊन १९११ साली तो कायमचा आपलासा केला. यावरून तो केवळ साधुपुरुष होता असे समजू नये. डिसेंबर १९१० मध्ये कार्डिफलाच फ्रेडी वेल्श या आपल्याच प्रांतातील गड्याशी लढताना, त्याच्या चिडविण्याने व आडव्या डावपेचांनी ड्रिस्कॉलचा तोल असा सुटला की त्याने डोक्याने धडक मारली आणि पंचाने दहाव्या फेरीत त्यास बाद ठरविले. ज्याच्या संयमाची वाखाणणी होई, त्याचा हा पराभव स्वतःच्या गावकऱ्यांदेखत झाला.

१९१३ साली मोरनशी वीस फेऱ्यांची बरोबरी करून त्याने खेळ सोडला. महायुद्धात तो सैनिकांना शारीरिक शिक्षण देई. पुढे प्रकृती खालावलेली असतानाही तो पुन्हा आखाड्यात उतरला. ऑक्टोबर १९१९ मध्ये लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने बारा वर्षांनी लहान अशा शार्ल लेदू या फ्रेंच योद्ध्याला कितीतरी फेऱ्या नुसत्या कसबावर नाचविले. मग पोटावर एक जबर ठोसा बसला, आणि सोळाव्या फेरीत त्याच्याच पाठीराख्यांनी सामना थांबविला. हीच त्याची अखेरची लढत.

३० जानेवारी १९२५ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो कार्डिफ येथे वारला. दोन-सव्वादोन लक्ष वस्तीच्या त्या गावी अंत्ययात्रेच्या वाटेवर एक लक्षाहून अधिक माणसे उभी होती. न्यूटाऊन वस्ती पुढे पाडली गेली. त्या भागाजवळ १९९७ साली त्याचा पुतळा उभारण्यात आला.